एका ओहोटीचा लॅपटॉप

निलोफर मुकादमच्या दुकानातल्या लांब टेबलावर त्या शनिवारी सकाळी अकरा लॅपटॉप होते. सात काळे, तीन राखाडी, एक पांढरा. आठांच्या झाकणांवर जुन्या कंपनीचा स्टिकर खरवडून काढल्याच्या खुणा होत्या. दोघांच्या बिजागऱ्या सैल होत्या. एकाच्या कीबोर्डवरचं स्पेसचं लांब बटण डाव्या बाजूने वर आलेलं होतं. सहांना नवी बॅटरी बसवलेली होती आणि तसं लिहिलेली हिरवी चिठ्ठी त्यांच्यावर चिकटवलेली होती. हे सगळं मी आधीच्या शनिवारी वहीत उतरवून घेतलं होतं. आज फक्त पडताळून पाहत होते. अकराच्या अकरा जागेवर होते. मी हेरून ठेवलेले दोन्ही त्यांत होते.

"मोजून झालं?" मामाने विचारलं. तो दारातच उभा होता. आत यायचं तर चप्पल काढावी लागेल की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं.

"झालं."

"मग घे एक आणि चल. माझा बंदरावर माणूस ताटकळलाय."

गजामामा म्हणजे माझ्या आईचा भाऊ. मिरकरवाडा बंदरात तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. आईने त्याला माझ्याबरोबर पाठवलं होतं, कारण तिच्या मते जुना माल घ्यायला एकटी पोरगी गेली की दुकानदार तिला हमखास गंडवतो. मामाच्या मते मुळात जुना लॅपटॉप घेणं हेच गंडणं होतं. बस स्टँडपासून राम आळीपर्यंत तो मला हेच सांगत आला होता.

माझ्याकडे बावीस हजार रुपये होते. शिकवण्यांचे आणि शिष्यवृत्तीतून उरलेले. बावीस हजारांत नवा लॅपटॉप मिळत होता, नाही असं नाही. पण तो मी दोन दुकानांत उघडून पाहिला होता. झाकण एका कोपऱ्यात धरून उचललं की पडदा पापडासारखा वाकायचा. मला तो सड्यावर न्यायचा होता.

त्याचं असं होतं. बी.एस्सी. फिजिक्सचा निकाल लागून दीड महिना झाला होता. डॉ. सोहनी नावाच्या एक संशोधक रत्नागिरीजवळच्या सड्यांवर, म्हणजे त्या उघड्या कातळाच्या पठारांवर, दगडाचं तापमान मोजत होत्या. कातळात एकोणीस ठिकाणी भोकं पाडून त्यांनी छोटी नोंदणी यंत्रं पुरली होती. महिन्यातून चार वेळा कुणीतरी तिथे जाऊन प्रत्येक यंत्राला लॅपटॉप जोडायचा, नोंदी उतरवून घ्यायच्या आणि यंत्र पुन्हा चालू करून ठेवायचं. एका यंत्राला पंधरा मिनिटं. सड्यावर वीज नाही, झाड नाही, सावलीही नाही. गाडी सकाळी सोडणार आणि संध्याकाळी न्यायला येणार.

मदतनीस म्हणून नऊ महिन्यांची ही जागा होती आणि माझं नाव यादीत पहिलं होतं. अट एकच होती: लॅपटॉप स्वतःचा हवा. सोमवारी सकाळी जो फॉर्म भरून द्यायचा होता, त्यात शेवटचा रकाना असा होता: 'लॅपटॉप चार्जिंगशिवाय किती वेळ चालतो? (स्वतः मोजून लिहावे. पाच तासांपेक्षा कमी असल्यास अर्ज करू नये.)' यादीतल्या दुसऱ्या मुलाकडे नवाकोरा लॅपटॉप होता. आणि मला जमलं नाही तर काजूच्या कारखान्याच्या ऑफिसात बिलं करायला जायचं, हे बाबांनी तिथल्या मॅनेजरला सांगूनही टाकलं होतं. तोही सोमवारपर्यंतच थांबणार होता.

"हा घेते," मी राखाडी लॅपटॉपवर हात ठेवून म्हटलं.

निलोफरताईने मान हलवली. ती पस्तिशीची असेल. डोक्यावरून ओढणी, कानामागे स्क्रू ड्रायव्हर, पुढ्यात अर्धा उघडलेला प्रिंटर. "चांगला निवडलास. साडेएकवीस. का निवडलास ते सांग पण. आठवडाभर फोन करून डोकं खाल्लंस माझं."

मी वही उघडली. मला हेच हवं होतं. वजन दीड किलो. बिजागरी घट्ट, कुठल्याही कोनात झाकण सोडलं तरी तिथेच राहतं. कडेला धातूची पट्टी. आणि मुख्य म्हणजे बॅटरी. लॅपटॉपलाच विचारलं की तो बॅटरीचा अहवाल काढून देतो, तो मी दोन्हींचा काढला होता. राखाडीची बॅटरी अठ्ठ्याण्णव टक्के शाबूत होती. काळ्याची चौसष्ट टक्केच, पण ती मुळात दीडपट मोठी होती. गुणाकार केला तर दोघांत साठणारी वीज जवळजवळ सारखीच येत होती. मग जड कशाला उचला?

काळा म्हणजे एक दणकट, ओबडधोबड ठोकळा होता. कुठल्यातरी जमीन मोजणीच्या कंपनीतून आलेला. मागून बॅटरी दोन बोटं बाहेर आलेली, एक कोपरा टवका उडालेला, बटणांवरची अक्षरं पुसलेली. वजन अडीच किलो. किंमत मात्र साडेचोवीस.

"ह्याला जास्त का?" मामाने काळ्याकडे बोट दाखवलं. एव्हाना तो चपलेसकट आत आला होता.

"मामा, तो पडला तर फरशी बदलावी लागेल," निलोफरताई म्हणाली.

मामा हसला. मग माझ्या वहीत डोकावला. "अठ्ठ्याण्णव टक्के कुणी सांगितलं?"

"बॅटरीनेच. तिच्यात एक चिप असते, ती हिशेब ठेवते."

"म्हणजे बॅटरीला विचारलंस, बाय गो तू कशी आहेस, आणि ती म्हणाली, मी एकदम झकास. ते तू लिहून घेतलंस."

"मामा, ते मोजमाप असतं."

"लग्नाचा बायोडाटा असतो तो," मामा म्हणाला. "निलोफर, तुझ्या बापाच्या लाँचचं इंजिन कुणी बसवलं?"

"तुम्हीच. मला काय विचारताय?"

"कसं बघून घेतलं होतं?"

निलोफरताईच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "बांधून चालवून."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. बंदरावर लहानाची मोठी झालेल्या कुणालाही ते माहीत असतं. जुनं इंजिन विकत घेताना मामा ते बोटीत बसवतो, बोट दोरखंडाने धक्क्याला जखडतो आणि भरतीच्या माथ्यावर इंजिन पूर्ण ताकदीने सोडतो. पंखा पाणी कापत राहतो, दोर ताणून उभा राहतो, पण बोट जागची हलत नाही. ओहोटीचं पाणी तळाला लागेपर्यंत इंजिन तसंच चाललं पाहिजे. मध्ये कुणी हात लावायचा नाही. नुसतं धडधडवून दाखवलेलं इंजिन मामा बघतसुद्धा नाही. मी हे शंभर वेळा पाहिलं होतं. पण मला ते इंजिनाचं वाटत होतं. माझ्या वहीत टक्के होते.

"आज चतुर्दशी," मामा म्हणाला. "भरती साडेदहाची. आता किती वाजले?"

"दहा वीस," मी म्हटलं. आणि ते म्हणता म्हणताच माझ्या कानशिलांत गरम झालं, कारण फॉर्ममधले शब्द मला आठवले. स्वतः मोजून लिहावे. मी काय मोजलं होतं? लॅपटॉपने सांगितलेलं मी वाचलं होतं.

"दोन्ही चार्जिंगला लावून ठेवलेत ना ताई?"

"काल रात्रीपासून. तूच सांगितलंस."

"मग दोन्ही सोडूया. एकदम. पडदा पूर्ण उजेडात. उन्हात तसाच लागणार. आणि काहीतरी सतत चालू हवं."

"सतत चालेल असं माझ्याकडे एकच आहे," निलोफरताईने ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढला. "आंब्याच्या फोडी डबाबंद करण्याचं प्रशिक्षण. सव्वीस मिनिटं. बचत गटासाठी आणलं होतं."

मी आपोआप झोपी जायच्या सगळ्या सोयी दोन्ही लॅपटॉपवर बंद केल्या. उजेड पूर्ण वर नेला. दहा वाजून बत्तीस मिनिटांनी मी राखाडीची वायर ओढली आणि त्याच क्षणी निलोफरताईने काळ्याची. दोन पडद्यांवर एकच बाई एकाच वेळी हातमोजे घालू लागली.

"आता हात लावायचा नाही," मामा म्हणाला. "माणूस ताटकळू दे." आणि त्याने स्टूल पुढे ओढलं.

त्यानंतर सौदा झाला, तोही त्या दोघांतच. मामाने काळ्याच्या बॅटरीवर टिचकी मारली. "हा ठोकळा सहा तास जाईल म्हणतेस?"

"जाईलच. मी जुन्या बॅटरीला हातसुद्धा लावलेला नाही. कंपनीची आहे."

"ओहोटी संपून पाणी फिरायच्या आधी बंद पडला तर एकवीसला देशील?"

"आणि पाणी फिरल्यावर पण चालू राहिला तर?"

"तू सांगशील ते. साडेचोवीस. एक रुपया कमी करायला सांगणार नाही."

"कबूल," निलोफरताई म्हणाली, आणि मी मध्ये तोंड घालायच्या आत दोघांनी हात मिळवले.

"मला राखाडीच घ्यायचाय," मी म्हटलं.

"घे की," मामा म्हणाला. "कोण नाही म्हणतंय?"

साडेअकराला दोन्ही व्यवस्थित होते. राखाडी चौऱ्याऐंशी टक्के, काळा चौऱ्याऐंशी. मी दर पंधरा मिनिटांनी आकडे लिहीत होते आणि दोन रेषा माझ्या वहीतल्या चौकटींवर एकमेकींवरून उतरत होत्या. माझा गुणाकार बरोबर होता! मला इतका आनंद झाला की मी मामाला तो आलेख दाखवला. मामाने तो बघितला, मान डोलावली आणि म्हणाला, "ती फोडींवर पाक ओतायच्या आधी गार करते ती चूक आहे. तुझी आई गरमच ओतते."

बारापर्यंत दुकानात तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. तिघांनीही दोन लॅपटॉपवर एकच आंबा का कापला जातोय, ते विचारलं. तिसरा तर अर्धा तास थांबला. त्याने राखाडीवर पैज लावायचीही तयारी दाखवली. "चकाकतोय बघा," एवढंच त्याचं कारण होतं.

बारा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी बाई डब्याला झाकण लावत होती. डावीकडच्या पडद्यावर तिने ते लावलं. उजवीकडच्या पडद्यावर काहीच नव्हतं.

मला आधी वाटलं, मामाचा हात लागला. मग मी वाकून पाहिलं. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. राखाडी लॅपटॉप मेला होता. शेवटचा आकडा मी चार मिनिटांपूर्वी लिहिला होता: त्रेसष्ट टक्के.

"त्रेसष्ट," मी म्हटलं. "ताई, हा त्रेसष्टला गेला."

"बटण दाब."

बटण दाबलं. नाही. वायर जोडली तेव्हा तो चालू झाला, आणि आपल्या पोटात अजून त्रेसष्ट टक्के आहेत असं त्याने पुन्हा एकदा सांगितलं. दोन तास सतरा मिनिटं. सकाळी मी हा लॅपटॉप तसाच घेऊन गेले असते, तर सोमवारी फॉर्मवर सहा तास असं स्वतःच्या सहीने लिहिलं असतं, आणि सड्यावर दहाव्या यंत्रापाशी बंद लॅपटॉप घेऊन उभी राहिले असते.

मामाने स्टूल काळ्याजवळ ओढलं. 

निलोफरताईने कानामागचा स्क्रू ड्रायव्हर काढला, राखाडी उलटा केला आणि दहा स्क्रू काढून बॅटरी बाहेर घेतली. ताई ती हातात तोलत राहिली. मग टेबलावरून एक जुनी, काढून टाकलेली बॅटरी उचलून दुसऱ्या हातात धरली.

"ही बघ," तिने दोन्ही माझ्या हातांवर ठेवल्या. "हलकी आहे. चिप चांगल्या बॅटरीची, आत माल भलताच." तिचा आवाज उतरला होता. "नव्या म्हणून घेतल्या मी. दहा. सहा ह्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये. चार विकून झाले."

"तुला माहीत नव्हतं," मामा म्हणाला.

"मामा, मी पण तेच बघितलं. हिने बघितलं तेच. अठ्ठ्याण्णव टक्के." तिने टेबलावरच्या हिरव्या चिठ्ठ्या एकेक करून उपटल्या. सहाही. मग बिलांची फाइल काढली आणि चार फोन केले. पहिल्याला ती म्हणाली, "गाडगीळ सर, तुमचा लॅपटॉप घेऊन या, काम आहे. नाही, तुमची चूक नाही. माझी आहे." बाकी तिघांनाही जवळजवळ तेच सांगितलं.

काळा लॅपटॉप चालूच होता. सहाव्यांदा आंबे पिकले होते.

आता माझ्याकडे तोच एक उरला होता, आणि माझ्या ध्यानात आलं की मी कसल्या कात्रीत सापडले आहे. तो पाच तासांआधी गेला तर फॉर्म गेला. आणि पाणी फिरल्यावरही चालत राहिला तर साडेचोवीस हजार, जे माझ्याकडे नव्हते. मला तो तीन वाजून बत्तीस मिनिटांनंतर, पण पाणी फिरायच्या आधी मेलेला हवा होता. मी वहीत तसा पट्टा आखला. चौकटींच्या वहीत तो अगदीच अरुंद दिसत होता.

निलोफरताईने दुपारी दुकान बंद केलं नाही. डबा तिथेच उघडला. तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं सुकं. मामाने दोनदा नको म्हटलं आणि अडीच भाकऱ्या खाल्ल्या. सातव्या वेळी मामा व्हिडिओतल्या बाईच्या आधी बोलायला लागला. "आता म्हणेल, डबे कोरडे करून घ्यावेत. म्हणाली बघ!"

तीन बत्तीस. पाच तास. वीस टक्के.

मी टाळी वाजवली, उभी राहिले, पुन्हा बसले. पण वीस टक्क्यांवर माझा आता विश्वास नव्हता. राखाडी त्रेसष्टला गेला होता. हा कधीही जाईल. जाऊ दे, आता जाऊ दे, असं मी मनात म्हणत होते, आणि तो हळूहळू, एकेक टक्का मोजून देत खाली येत होता.

"पाणी फिरलं हे ठरवायचं कुणी?" चारच्या सुमाराला निलोफरताईने अचानक विचारलं. "मामा म्हणणार पावणेपाच, ही मोबाइलवर बघून म्हणणार साडेचार."

मामाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. हात मिळवताना हे कुणीच ठरवलं नव्हतं.

"पाण्याने," मामा म्हणाला. "धक्क्यावर चला."

मामा मोटरसायकलने पुढे गेला. निलोफरताईने शटर ओढलं, स्कूटर काढली आणि मी मागे बसले. लॅपटॉप मांडीवर, उघडा. "झाकण मिटायचं नाही," ती म्हणाली. "पडदा विझला की ती मोजणी खोटी." बाजारातून, मग उतारावरून, आम्ही मिरकरवाड्याला निघालो. माझ्या मांडीवर बाई आंबे सोलत होती. सिग्नलपाशी शेजारच्या रिक्षातल्या आजी वाकून पाहत म्हणाल्या, "हापूस नाही हो तो." निलोफरताई इतकी हसली की स्कूटर बंद पडली.

धक्क्यावर बोटी खाली गेल्या होत्या. त्यांची छपरं आमच्या पायांच्या पातळीला होती. मामाने डिझेलची पारदर्शक नळी आणून ठेवली होती. लाटांमुळे पाण्याची पातळी नीट वाचता येत नाही, म्हणून मी नळीच्या खालच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकून बारीकशी फट ठेवली. मग लाट आली तरी नळीतलं पाणी उसळत नाही, पातळी तेवढी दाखवतं. नळी आणि मामाचा मोजायचा टेप मी लोखंडी शिडीला शेजारी शेजारी बांधले आणि शिडीवर पाचव्या पायरीवर उभी राहिले. पायाखाली कालवांचे शिंपले बोचत होते. सव्वाचारला पहिला आकडा वाचला: बेचाळीस पूर्णांक चार सेंटिमीटर.

वर निलोफरताई एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसली होती, लॅपटॉप समोर उन्हात.

"दिसतंय?" मी ओरडले.

"फोडी दिसतायत!"

चार पंचवीस. नळीत एकेचाळीस पूर्णांक दोन. लॅपटॉपवर पाच टक्के. पाणी अजून उतरत होतं. आत्ता बंद पडला तर एकवीस हजार. मला फक्त एवढंच हवं होतं.

चार एकतीस. चाळीस पूर्णांक आठ. वरून निलोफरताई: "तीन टक्के!"

तेवढ्यात मामाला काय झालं कुणास ठाऊक. तो लॅपटॉपसमोर उकिडवा बसला आणि दोन्ही मुठी आवळून म्हणाला, "चल गो बाय! चल! आता सोडू नको!"

"मामा, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"तू नळी बघ!"

चार सदतीस. चाळीस पूर्णांक सात. दोन टक्के. पाणी थांबल्यासारखं झालं होतं. बोटींचे दोर सैल पडले होते. चार चाळीस, चाळीस पूर्णांक सात. एक टक्का. आणि मला आठवतं, तिथे शिडीवर लटकून, तळपायांत कालवं रुतत असताना, माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा पुटपुटतेय. आणखी थोडं. आणखी थोडं. अडीच हजार रुपये कुठून आणायचे ते मला माहीत नव्हतं, आणि तो बंद पडू नये असं मला वाटत होतं. आठ वर्षं झाली त्याला. मी तेव्हापासून पुष्कळ यंत्रं तपासली. पण एखादा आकडा आपल्या विरुद्ध जावा म्हणून इतक्या जोराने वाट पाहिल्याचं आठवत नाही.

चार त्रेचाळीस. चाळीस पूर्णांक आठ.

"फिरलं?" मामा वरून म्हणाला.

"एक मिलिमीटर. लाटही असेल. खात्री नाही."

"अजून एक टक्काच दाखवतोय!" निलोफरताई ओरडली. "पाक ओततेय! ओततेय... गेला! गेला!"

मी घड्याळ पाहिलं. चार शेचाळीस. मग नळीकडे. वरून ते दोघं कठड्यावरून वाकले होते, पण टेपवरचे आकडे त्यांना तिथून दिसणं शक्य नव्हतं. मामाचा चष्मा तर दुकानातच राहिला होता. नळी मी एकटीच वाचत होते. मी डोळा पातळीला आणला, श्वास रोखला आणि एक लाट जाऊ दिली. मग दुसरी जाऊ दिली.

"एकेचाळीस पूर्णांक शून्य," मी म्हटलं. "तीन मिलिमीटर वर. पाणी फिरलं होतं."

 मामाने वरून अशी आरोळी ठोकली की शेजारच्या बोटीवर जाळं विणणारे दोघे उठून उभे राहिले. मी शिडी चढून वर आले तेव्हा तो त्या काळ्या ठोकळ्याची पाठ थोपटत होता.

"साडेचोवीस," मी म्हटलं. "माझ्याकडे बावीस आहेत."

मामाचा हात खिशाकडे गेला. निलोफरताईने तो वरच्या वर धरला.

"मामा, हा माझा आणि हिचा सौदा." ती माझ्याकडे वळली. "दहा बॅटऱ्या आहेत. सहा टेबलावर, चार परत येतील. त्यातली कुठली किती खोटी ते मला कळलं पाहिजे. पुरवठादाराकडे नुसतं तोंड घेऊन जाऊन उपयोग नाही, कागद पाहिजे. रविवारी येशील? दहाच्या दहा बांधून चालवायच्या. तुझ्या वहीत, ह्या अशाच रेषा. अडीच हजार त्याचे."

"ह्याच रविवारी?"

"उद्याच. भरती कितीला, मामा?"

"उद्या पौर्णिमा. सव्वाअकरा," मामा म्हणाला. "आणि आंबा नको आता. दुसरं काहीतरी आण."

दुसऱ्या दिवशी मी सहा लॅपटॉप एकदम सोडले. एकही तीन तास टिकला नाही. परत आलेले चार पुढच्या रविवारी झाले. ती पानं मी ताईला सही करून दिली.

मधल्या सोमवारी सकाळी डॉ. सोहनींच्या ऑफिसबाहेर बाकावर यादीतला तो दुसरा मुलगाही बसला होता. त्याने फॉर्म आधीच भरला होता. शेवटच्या रकान्यात त्याने '८ तास' लिहिलं होतं.

"मोजलास?" मी विचारलं.

"खोक्यावर लिहिलंय," तो म्हणाला. "तुझा किती?"

मी पेनचं टोपण काढलं आणि रकान्यात लिहिलं: ६ तास १४ मिनिटे. पूर्ण उजेडात, बांधून.